पित्तात पोहूनही पोटातले जंतू मरत का नाहीत?

चाळकरी | रवि, रात्री १०:५०

मंडळी, आईचं पित्ताशय मागच्या आठवड्यात काढलं. दुर्बिणीतून झालं, तिसऱ्या दिवशी घरी, आता सोफ्यावर बसून मालिका बघतेय आणि चहात साखर कमी पडली म्हणून मला ऐकवतेय, म्हणजे बरी आहे. हॉस्पिटलवाल्यांनी निघताना खडे एका डबीत घालून दिले. (बिलात हातमोज्यांचे पैसे कितीदा लावलेत त्यावर वेगळा धागा काढणार आहे.) अकरा खडे आहेत, काळपट हिरवे, एकमेकांवर घासून पैलू पडल्यासारखे. आईने ती डबी टीव्हीशेजारी ठेवलीय आणि येणाऱ्या प्रत्येकाला उघडून दाखवते.

तर सर्जन म्हणाले की पित्त म्हणजे पोटातला साबण, तेल-तूप फोडून बारीक करतो. मी मान डोलावली, पण लोकलमध्ये बसल्यावर डोक्यात किडा वळवळला. साबणाने तर जंतू मरतात ना? म्हणून तर आपण हात धुतो. मग रोज आतड्यात हा साबण ओतला जातोय आणि तिथेच म्हणे दोन किलो जंतू सुखाने नांदतायत. हे कसं काय? आणि आता टाकीच काढून टाकल्यावर त्या जंतूंचं काय होणार?

दुसरा प्रश्न आईचा. दही चालेल का? तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तिला सांगितलंय की पित्तवाल्यांनी दह्याला हात लावायचा नाही.

मधुरा_के | रवि, रात्री ११:०२

आईंना लवकर बरं वाटो. पित्तावर आमसुलाचं सार बेस्ट. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, रात्री जागरण नको.

फलाट_नंबर_४ | रवि, रात्री ११:०९

अहो ताई, ते पित्त वेगळं, हे पित्त वेगळं. त्यांचं पित्ताशय काढलंय, ॲसिडिटी नाही झालेली.

मधुरा_के | रवि, रात्री ११:११

आंबट ढेकर येतात ते पित्तच ना?

वैद्य_विलेपार्ले | रवि, रात्री ११:४०

इथे नेहमी होणारा घोळ आहे म्हणून लिहितो. मराठीत आपण एका शब्दावर तीन गोष्टी लादल्यात. जळजळ होते ती जठरातल्या आम्लाने, तिला आपण पित्त म्हणतो. अंगावर गांधी उठतात, तेही पित्त. आणि यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा हिरवा-पिवळा कडू रस, तोही पित्तच. आयुर्वेदातलं पित्त हा दोष आहे, एक संकल्पना आहे, ते म्हणजे बाटलीत भरता येणारा हा रस नव्हे. चाळकरींचा प्रश्न त्या रसाचा आहे आणि तो आम्ल नाही, उलट किंचित अल्कलीकडे झुकणारा असतो. तेव्हा आमसूल राहू द्या.

खवळलेला_पित्तू | रवि, रात्री ११:४३

आणि चौथं ते माझं, रोज सकाळी ८:१२ ची लोकल चुकली की खवळतं ते.

पापलेट_प्रेमी | सोम, सकाळी ७:३०

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). मासे साफ करणाऱ्यांना विचारा पित्त म्हणजे काय. आमच्या बाजारातली मावशी सुरमईचं पोट उघडून ती हिरवी पिशवी अशी अलगद दोन बोटांनी काढते की बघत राहावं. एकदा मीच घरी हुशारी करायला गेलो, सुरी लागली, पिशवी फुटली. धुतलं, मीठ चोळलं, लिंबू लावलं, तरी तुकड्या कडू त्या कडूच. हात मात्र बुळबुळीत झाले होते, खरंच साबण लावल्यासारखे. त्यामुळे सर्जन बरोबर बोलतायत.

मॅकॉन्कीची_प्लेट | सोम, रात्री ९:१५

आयडी बघूनच कळलं असेल माझा धंदा काय आहे ते. परळला एका लॅबमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते, या विषयावर गप्प बसणं शक्यच नाही. मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

आधी चाळकरींच्या पहिल्या गोष्टीला सुरुंग. दोन किलो हा आकडा जुना झाला. २०१६ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या लोकांनी पुन्हा हिशोब मांडला, त्यात सगळे जंतू मिळून साधारण २०० ग्रॅम भरले, म्हणजे पाव किलो दह्याच्या डब्यापेक्षाही कमी. दुसरं म्हणजे ते राहतात कुठे ते बघा. जिथे पित्त ओतलं जातं त्या लहान आतड्याच्या सुरुवातीला वस्ती अगदी विरळ असते, एका मिलीलिटरला हजार-दहा हजार. खरी गर्दी मोठ्या आतड्यात, तिथे तोच आकडा १०० अब्जांच्या घरात जातो. आणि तिथे पोचेपर्यंत पित्तातले जवळपास ९५ टक्के क्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषून परत यकृताकडे पाठवलेले असतात. शरीर कंजूष आहे, तोच साबण पुन्हा पुन्हा वापरतं. म्हणजे अर्धं उत्तर पत्त्यातच आहे, बहुतेक जण साबणाच्या नळाखाली राहतच नाहीत.

पण अर्धंच. कारण तिथवर पोचायला नळाखालून जावंच लागतं, आणि काही जण तिथेच राहतातही. ते जगतात याचा पुरावा मी रोज ओतते. आमच्याकडे जंतू वाढवायला मॅकॉन्की आगर नावाचं माध्यम असतं. ब्रिटनमधल्या मॅकॉन्कीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बनवलं, पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलंय का ते कसं ओळखायचं हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. त्याची युक्ती अशी की माध्यमात पित्ताचे क्षारच घालायचे. ज्याला आतड्यात राहायची सवय आहे तोच उगवणार, हवेतले-कातडीवरचे बरेचसे उपरे तिथेच गारद. इ. कोलाय हा आतड्यातला नेहमीचा जंतू आला की वसाहती गुलाबी होतात, कारण तो दुधातली साखर आंबवतो. ती पित्तक्षारांची पावडर कधी तोलली नसेल तर सांगते, डिऑक्सिकोलेटचा डबा उघडताना श्वास रोखायचा, नाकात गेली की पुढची दहा मिनिटं शिंका. आणि पाण्यात घालून बाटली हलवली की वर फेस, भांड्यांच्या लिक्विडसारखा.

आता तो जंतू काय करतो. इ. कोलायला दोन आवरणं असतात. बाहेरच्या आवरणात बारीक भोकं असतात, प्रथिनांचीच, त्यातून अन्न आत येतं. दोन मुख्य प्रकार, ओम्पएफ नावाचं जरा रुंद आणि ओम्पसी नावाचं जरा अरुंद. पित्त आलं की तो रुंद खिडक्या बनवायचं कमी करतो आणि अरुंदांवर भागवतो. तरी जे आत घुसतं ते बाहेर फेकायला पंप असतो, ॲक्रएबी-टोलसी. आतल्या आवरणापासून बाहेरच्या आवरणापर्यंत गेलेलं नळकांडंच ते, सरळ घराबाहेर फेकतं. आणि हे दोन्ही एकाच मुकादमाच्या हाताखाली चालतं, रॉब नावाचं प्रथिन आहे. पित्ताचा क्षार रॉबला येऊन चिकटतो, रॉब जागा होतो, डीएनएवर ठरलेल्या जागी बसतो, पंपाच्या जनुकांचं काम वाढतं आणि त्याच वेळी मिकएफ नावाचा एक छोटा आरएनए (जनुकावरून उतरवलेली नक्कल) बनतो जो रुंद खिडक्यांचा हुकूम वाटेतच अडवतो. हा मिकएफ १९८४ मध्ये सापडला, तेव्हा आरएनए असं कुणाचं तोंड दाबू शकतो हीच नवलाई होती.

उद्या पुढचं. डबे घासायचेत, साबणानेच.

फलाट_नंबर_४ | सोम, रात्री ९:४१

दंडवत ताई. वाखू (वाचनखूण) साठवली.

शंकासुर | सोम, रात्री १०:०५

लेख छान पण एक कळलं नाही. जनुक बदलतात म्हणजे उत्क्रांतीच ना? मग त्याला हजारो वर्षं लागायला पाहिजेत. आईंनी बटाटेवडा खाल्ला आणि अर्ध्या तासात जंतूचे जनुक बदलले हे पटत नाही.

पंपवाला_अंधेरी | सोम, रात्री १०:३०

शंकासुरा, बदलत नाहीत रे, चालू-बंद होतात. मी सोसायट्यांना मोटारी बसवतो, माझ्या भाषेत सांगतो, ताईंनी चुकलं तर कान धरावा. बेसमेंटमध्ये खड्ड्यात सबमर्सिबल बसवलेला असतो. पाऊस नसेल तर तो बारा महिने गप्प. खड्ड्यात पाणी चढलं की फ्लोट वर येतो, फ्लोट वर आला की स्विच पडतो, मोटार चालू. पाणी उतरलं की फ्लोट खाली, मोटार बंद. मोटार तीच, वायरिंग तेच, काही बदललं नाही. फक्त कधी चालवायची ते पाणी स्वतः ठरवतं, वॉचमनला उठवायला नको. ताईंचा रॉब म्हणजे फ्लोट, पित्त म्हणजे पाणी.

मॅकॉन्कीची_प्लेट | सोम, रात्री १०:४८

पंपवाले दादा, आमच्या सरांना टी.वाय.ला हे इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं. कान धरायला जागा नाही, एक भर घालते फक्त. तुमचा पंप पूर्ण बंद असतो, हा मंद चालू असतो आणि पित्त आलं की जोर धरतो. जनुकांवर असे स्विच असतात हे झाकोब आणि मोनो यांनी १९६१ ला इ. कोलायच्या दुधाच्या साखरेवरच दाखवलं होतं, १९६५ ला नोबेल मिळालं. मॅकॉन्कीच्या प्लेटवर गुलाबी रंग येतो तो त्याच स्विचमुळे, गंमत आहे ना.

शंकासुर | सोम, रात्री ११:०२

ओके, चालू-बंद पटलं. मग कायमच जोरात का नाही ठेवत? पित्त तर रोजचंच आहे.

पंपवाला_अंधेरी | सोम, रात्री ११:०५

लाईट बिल कोण भरणार, तू?

मॅकॉन्कीची_प्लेट | सोम, रात्री ११:२०

हेच उत्तर आहे, खरंच. पंप चालवायला ऊर्जा लागते, बनवायला प्रथिनं लागतात, आणि खिडक्या अरुंद केल्या की अन्नही कमी येतं. जो जंतू बाहेर गटारात पडलाय, जिथे पित्त नाही, तिथे पंप जोरात चालवत बसला तर शेजारचा काटकसरी जंतू त्याच्या आधी दोनाचे चार होईल. न्युमोनियाच्या न्युमोकॉकसची गोष्ट बघा. तो नाका-घशात राहतो, पित्त कधी बघितलेलंच नसतं, त्यामुळे तयारीच नाही. त्याच्यावर पित्तक्षार टाकला की नळीतलं गढूळ पाणी डोळ्यांदेखत काचेसारखं स्वच्छ होतं, जंतू विरघळून गेले. क्षार त्याचं स्वतःचंच एक विकर (एन्झाइम) भडकवतो आणि तो आपलीच भिंत फोडून घेतो. जर्मनीच्या नॉयफेल्डने १९०० साली हे पाहिलं, आम्ही अजून तीच चाचणी ओळख पटवायला वापरतो.

खवळलेला_पित्तू | मंगळ, सकाळी ८:४०

पित्तामुळे स्वतःचीच भिंत फोडून घेणारा, हा तर माझा साहेब.

डॉक_दादर | मंगळ, दुपारी ३:१०

ओपीडी आटोपली. ताईंनी बचावाचा भाग मस्त सांगितला, मी चोरांचा भाग सांगतो. रोग करणारे जंतू पित्त नुसतं सोसत नाहीत, त्याचा पाटीसारखा उपयोग करतात. तोंडातून गिळला गेलेला जंतू अंधारात असतो, त्याला कळणार कसं की आपण पोचलो? पित्त लागलं म्हणजे समजायचं, दादर आलं, उतरा.

पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू घ्या. एरवी तो खाडीच्या पाण्यात असतो. पित्त लागलं की त्याचं टॉक्सआर नावाचं प्रथिन भोकं बदलतं, ओम्पटी बंद, ओम्पयू चालू, कारण ओम्पयूमधून पित्त सहज आत येत नाही. पापलेट_प्रेमी, तुमच्यासाठी खास, समुद्रातल्या मासे-शिंपल्यांतून येणारा पॅराहीमोलिटिकस म्हणून त्याचा चुलतभाऊ आहे. १९५० ला ओसाकात मोठी विषबाधा झाली तेव्हा जपानी डॉक्टर फुजिनोंनी शोधला. त्याच्या आवरणात दोन प्रथिनं जोडीने उभी असतात, दोघांच्या मधल्या खोबणीत पित्ताचा क्षार बसला की आत हुकूम जातो आणि पेशीत विष टोचायच्या सुया तयार होतात. शिंपल्या नीट शिजवा एवढंच सांगणं.

साल्मोनेलाचं मात्र उलट आहे, आणि मला ते सगळ्यात हुशार वाटतं. तो पित्तात असताना पेशीत घुसायची जनुकं बंद ठेवतो. पित्त भरपूर म्हणजे आपण अजून रस्त्याच्या मधोमध आहोत. भिंतीजवळच्या चिकट थरात गेला की पित्त कमी लागतं, मग घुसायची तयारी. म्हणजे एकच पाटी, एक जण वाचून उतरतो, दुसरा वाचून म्हणतो अजून आपलं स्टेशन यायचंय.

फलाट_नंबर_४ | मंगळ, दुपारी ३:२५

डॉक, दादरला उतरायचं नसलं तरी उतरावं लागतं हो, मागची गर्दीच उतरवते.

पापलेट_प्रेमी | मंगळ, दुपारी ३:२८

रविवारचा तिसऱ्यांचा बेत डॉकनी पाण्यात घातला.

चाळकरी | मंगळ, रात्री ९:००

मंडळी, मी आईला वाचून दाखवतोय. तिचा प्रश्न: टायफॉईडचा जंतू पित्ताशयात लपतो असं तिने ऐकलंय, तिला लहानपणी टायफॉईड झाला होता, तर त्या खड्यांत तो असेल का? डबी आता टीव्हीशेजारून उचलून वर ठेवलीय.

डॉक_दादर | मंगळ, रात्री ९:३५

आईंना सांगा, लहानपणी टायफॉईड झालेल्या बहुतेकांच्या शरीरातून तो पूर्ण जातो. थोड्या लोकांत पित्ताशयात ठाण मांडतो, आणि खडे असतील तर त्यांवर शेवाळासारखा थर करून बसतो, हे खरं आहे. साध्या पित्ताने तो हटत नाही, पंप आहेत, आवरणही बदलून घट्ट करतो. न्यूयॉर्कची मेरी मॅलन ऐकली असेल, स्वयंपाकीण होती, स्वतः ठणठणीत, पण जिथे कामाला जाई तिथे टायफॉईड. १९०७ ते १९१० आणि पुन्हा १९१५ पासून १९३८ ला मरेपर्यंत तिला वेगळं ठेवलं होतं. पित्ताशय काढू म्हणाले तर तिने साफ नकार दिला. शंकाच असेल तर तुमच्या सर्जनना विचारा, इथे डबीवरून निदान होणार नाही. डबी मात्र उघडून दाखवणं बंद करा आणि हात धुवा, ते कुठल्याही खड्यांना लागू.

शंकासुर | मंगळ, रात्री १०:१५

पंपवाले, तुमचा फ्लोट कधी अडकतो का? वरच अडकला तर मोटार चालूच राहणार ना? जंतूत असं होतं का?

पंपवाला_अंधेरी | मंगळ, रात्री १०:२०

दर जूनमध्ये. प्लास्टिकची पिशवी अडकते, मोटार कोरडी चालत राहते आणि जळते. मग सेक्रेटरी मला फोन करतो जसं काही पिशवी मीच टाकली.

मॅकॉन्कीची_प्लेट | मंगळ, रात्री १०:५०

शंकासुर, या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. होतं, आणि तिथेच आमची झोप उडते. हा पंप चोखंदळ नाही. पित्त बाहेर फेकतो तसं टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, सिप्रोफ्लॉक्सासिनही फेकतो. पित्तासाठी बसवलेली मोटार औषधांवरही चालते. पंपाला लगाम घालणारी प्रथिनं असतात, ॲक्रआर, मारआर वगैरे. त्यांच्या जनुकात बिघाड झाला, इथे मात्र खरा बदल बरं का, तू आधी म्हणालास तो, की लगाम सुटतो आणि पंप कायम जोरात. रुग्णांच्या नमुन्यांत असे जंतू सापडतात. प्रतिजैविक चालू असेपर्यंत हा ऐष करतो, लाईट बिल परवडतं कारण बाकीचे मेलेत. म्हणून सर्दीला उगाच गोळ्या घेऊ नका असं आम्ही घसा कोरडा करून सांगतो.

मधुरा_के | मंगळ, रात्री ११:०५

आता कळतंय सगळं हळूहळू. मग ते प्रोबायोटिकच्या बाटल्या विकतात त्यातले जंतू पित्तात टिकतात का? आणि दह्याचं राहिलंच की.

मॅकॉन्कीची_प्लेट | बुध, सकाळी ६:५५

गाडीत बसून लिहितेय, आज सीट मिळाली. प्रोबायोटिक म्हणून जंतू निवडताना साधारण ०.३ टक्के पित्ताच्या द्रावणात वाढवून बघतात, जे तरतात ते पुढे. पण परीक्षानळीत तरला म्हणजे तुमच्या पोटात घर करेल असं नाही, बहुतेक पाहुण्यासारखे येऊन जातात. त्यांच्यातल्या लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियमकडे अजून एक हत्यार असतं. आपलं यकृत पित्ताम्लाला (पित्तक्षाराचं मूळ रूप) ग्लायसिन किंवा टॉरिनची शेपटी जोडून पाठवतं, हे जंतू विकराने ती शेपटीच तोडतात.

आणि एक सांगायचं राहिलं. शेपटी तुटलेल्या पित्ताम्लापासून मोठ्या आतड्यातले मोजकेच जंतू डिऑक्सिकोलिक ॲसिड बनवतात, क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स त्यातला एक. हे ॲसिड सी. डिफिसिल नावाच्या दुष्ट जंतूला वाढू देत नाही. उलट यकृतातून आलेलं शेपटीवालं टॉरोकोलेट त्याच सी. डिफिसिलच्या बीजाणूंना मोड आणतं, ओल्या फडक्यातल्या मटकीसारखे. प्रतिजैविकांनी सिंडेन्ससारखे मेले की मोड आणणारं उरतं आणि दाबणारं संपतं. मग जुलाब.

परळ आलं.

डॉक_दादर | बुध, दुपारी २:४०

दह्याचा निकाल. विरजणातले नेहमीचे बल्गेरिकस, थर्मोफिलस पित्तात फार तग धरत नाहीत, पण दही खाण्यासाठी ते जगलेच पाहिजेत असं कुठे आहे? ते दुधातली साखर आधीच थोडी खाऊन ठेवतात, तेवढं पुरतं. पित्ताशय काढल्यावर दही वर्ज्य नाही. टाकी गेली, यकृत पित्त बनवतंच, फक्त ते साठून एकदम न येता सतत ठिबकत राहतं. जंतूंना आता जेवणानंतरची एकदम लाट नाही, दिवसभराची रिपरिप आहे, ते सांभाळून घेतात. काहींना सुरुवातीला पातळ होतं, कारण जास्तीचं पित्त मोठ्या आतड्यात जाऊन तिथे पाणी सोडायला लावतं. महिनाभर तळलेलं कमी, थोडं थोडं खा. बरेच दिवस थांबलं नाही तर सर्जनना दाखवा, त्यावर औषध आहे.

चाळकरी | बुध, रात्री ९:२०

आईने आज दहीभात खाल्ला. वर तिसऱ्या मजल्यावर जाऊन काकूंना रॉब आणि फ्लोट समजावून आली, काकू म्हणाल्या ते सगळं ठीक आहे पण दही रात्री खाऊ नये. डबी कपाटावर गेलीय, वर्तमानपत्रात गुंडाळून. फेकायला काही तयार नाही, म्हणते एवढे पैसे भरलेत.

पंपवाले, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आमच्या चाळीच्या तळमजल्यावरची मोटार सकाळपासून बंद होत नाहीये.

पंपवाला_अंधेरी | बुध, रात्री ९:३३

फ्लोट हाताने खाली दाबून बघा, मेन स्विच बंद करून. शनिवारी येतो, खडे बघायचेत.